आबाजी वैद्यांची पंगत

मामाजी रोग्याच्या घरी जात ते जेवायला. नाडी नंतर. आधी पान वाढा, असा त्यांचा खाक्या होता.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी पवनीहून लग्न होऊन सौंदडला आले, तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी गाडी गावाला थांबे, आणि तिच्यातून उतरणाऱ्या चार माणसांत एखादा तरी पोट धरून उतरलेला असे. तो स्टेशनाबाहेर येऊन विचारी, "आबाजी वैद्याचं घर कोनतं जी?" मग कुणीतरी हात करून आमचं घर दाखवी.

पोट सोडून दुसरं काही मामाजी बघत नसत. ताप आला, तर ते दुसऱ्या वैद्याचं नाव सांगत. हाड मोडलं, तर हाडवैद्याकडे पाठवत. पण वर्षानुवर्षांचं अजीर्ण, छातीतली जळजळ, जेवलं की धावायला लावणारी संग्रहणी, आठ-आठ दिवस न उलगडणारं पोट, असं काही असलं की त्यांचे डोळे चमकत. "जुनं दुखणं म्हणजे जुना भाडेकरू," ते म्हणत. "हाकलून जात नाही. त्याला त्या घरात करमेनासं करावं लागते."

दिसायला उंच, काळेसावळे, आवाज खणखणीत. पोटाचा वैद्य म्हटल्यावर लोकांना वाटे, हा माणूस पेज पिऊन राहत असेल. पण मामाजींइतकं मन लावून जेवणारा माणूस मी पाहिला नाही. वरण-भातावर तुपाची धार पडताना ते बोलणं थांबवत. पहिल्या घासाला हिंगाष्टक आणि तूप, मग हळूहळू बाकीचं. वांग्याची भाजी चांगली झाली तर दोनदा मागत, बिघडली तर तितक्याच मोकळेपणानं सांगत, "सूनबाई, आज फोडणी रागावलेली दिसते." लग्नाच्या पहिल्या महिन्यात असं ऐकून मी रडले होते. नंतर मीच त्यांच्या आधी सांगू लागले, "मामाजी, आज फोडणी रागावली आहे," आणि ते हसत.

रोग्याच्या घरी जेवायला जाण्याचं कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "रोगी माझ्या ओसरीवर येते आणि म्हणते, मी तर काही खातच नाही. खोटं नाही बोलत तो. त्याला खरंच वाटते की तो काही खात नाही. म्हणून मी त्याच्या बाजूला पान मांडून बसतो. काय खाते, ते कमी महत्त्वाचं. कसा खाते, कोणाच्या धाकात खाते, भूक लागल्यावर खाते की घंटा ऐकून, ते मला पाहाचं राहते."

जवळच्या एका गावच्या मालगुजाराचं आम्लपित्त असंच त्यांनी पंगतीत ओळखलं. त्या मालगुजाराची भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत औषधं करून झाली होती. घरात खाण्यापिण्याची रेलचेल आणि हा माणूस मात्र दर जेवणानंतर छाती चोळत फेऱ्या मारी. मामाजी त्याच्याकडे दोनदा जेवून आले आणि औषध न देताच परतले. "तिखट फार आहे का?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. "तिखट ताटात नाही," एवढंच म्हणाले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा हे सोबत होते, म्हणून पुढचं मला कळलं. मालगुजार जेवायला बसला की त्याचा कारभारी समोर उभा राही आणि तंटे ऐकवी. अमक्यानं बांध कोरला, तमक्याची बैलं धानात शिरली. दारात ज्यांची भांडणं ती माणसं हात जोडून उभी. मालगुजार एक घास घेई आणि एक शिवी देई. त्या दिवशी मामाजी भरल्या पानावरून उठले आणि दारातल्या माणसांना म्हणाले, "चला, बाहेर व्हा सर्वे. इथं कचेरी नाही, इथं माणूस जेवून राहिला."

कारभारी पांढरा पडला. मालगुजार तांबडा झाला. "वैद्यजी, माझ्या घरात माझ्याच लोकांना..."

"पोट पण तुमच्याच घरचं आहे ना?" मामाजी म्हणाले. "सर्व्या गावाची फिर्याद ऐकता. त्याची कोण ऐकते?"

मालगुजार हसला नाही, पण त्यानं कारभाऱ्याला जायला सांगितलं. मग आवळ्याचं आणि कोहळ्याचं औषध चाललं, जेवताना कचेरी बंद झाली, आणि त्याची जळजळ पुष्कळ उतरली. पूर्ण गेली नाही. लोक मामाजींची स्तुती करू लागले की ते हटकून सांगत, "अर्धाच बरा झाला तो. बाकीचा अर्धा खटल्यात अडकला आहे."

ही सवय मला फार आवडे. बऱ्या झालेल्या माणसाचं श्रेय ते कधी पुरतं घेत नसत आणि न बऱ्या झालेल्याचं अपयश लपवत नसत.

पथ्याच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. ज्या घरात जे नाही, ते त्या घराला सांगायचं नाही. मुगाचं कढण आणि साजूक तूप सांगणं सोपं, पण ज्याच्याकडे कोठीत नुसते तांदूळ आहेत त्यानं काय करावं? त्याला ते जुन्या तांदळाची पातळ पेज सांगत, वर चिमूटभर सुंठ. देवरीकडच्या जंगलातून माणसं येत, त्यांना त्यांच्याच रानातला बेल आणि कुड्याची साल. "औषध दारात उभं आहे, त्याला ओळख द्या," म्हणत.

नवेगाव बांधचा बुधा नावाचा एक ढीवर त्यांच्याकडे आला, तो अगदी काडी झालेला. जुनी आव होती. आधीच्या कुणी वैद्यानं त्याला मासोळी बंद करायला सांगितली होती. तलावाच्या काठी जन्मलेला माणूस, घरात मासोळी आणि भात याशिवाय तिसरी वस्तू नाही. मासोळी सोडली म्हणजे जेवणच सुटलं. बायको रडकुंडीला आली होती. म्हणाली, "बिमारीनं नाही मरत जी हा, पथ्यानं मरून राहिला."

मामाजींनी विचारलं, "लहान मासोळी मिळते ना?"

"तरा भरून आहे जी," तिनं तलावाच्या दिशेनं हात केला.

"मग तेल नको, तिखट नको. पाण्यात शिजवायची, हळद-मीठ टाकायचं. ते पाणी भातावर घेऊ दे. सोबत कुड्याचा काढा."

ही गोष्ट गावभर झाली. ब्राह्मणाच्या घरून मासोळीचं पथ्य निघालं म्हणून चार प्रतिष्ठित ओसरीवर येऊन बसले. मामाजींनी त्यांना पान-सुपारी दिली आणि म्हणाले, "ग्रंथात मांसरस सांगितला आहे. मी खात नाही म्हणून काय ग्रंथातून खोडून टाकू?" ते उठून गेले, पण जाताना कुणी रामराम केला नाही.

बुधाच्या घरी मात्र मामाजी जेवत नसत. समोर बसत, त्याचं जेवण पाहत, आणि घरून बांधून नेलेले पोहे खात. एकदा बुधाची बायको उभी राहून म्हणाली, "काऊन जी, आमच्या घरचा कोरा भातही चालत नाही का?" मामाजींनी हातातला घास खाली ठेवला. मग पोह्यांची पुरचुंडी बांधून ठेवली आणि म्हणाले, "वाढ." त्या दिवशी घरी आल्यावर आत्याबाईंनी त्यांना विहिरीवरच उभं केलं आणि डोक्यावरून पाणी घातल्याशिवाय आत घेतलं नाही. ते निमूटपणे आंघोळ करून आले. पुढच्या वेळी पुन्हा जेवून आले आणि पुन्हा आंघोळ केली. शेवटी आत्याबाईच कंटाळल्या.

पण मामाजी मला सगळ्यात जास्त आठवतात ते एका वेगळ्याच दिवसाचे.

सौंदडपासून बैलगाडीच्या वाटेवर कवडू पटेल नावाचे एक पोवार शेतकरी राहत. घर खाऊनपिऊन सुखी, धानाच्या कोठ्या भरलेल्या. त्यांच्या सुनेला, सकूला, बरीच वर्षं पोटात गोळा उठे. जेवली की दुखे, म्हणून ती जेवण टाळी, आणि टाळलं की आणखी दुखे. अंगावर मांस राहिलं नव्हतं. कुणी म्हणे बाहेरची बाधा, कुणी म्हणे सवतीची करणी, आणि सवत तर नव्हतीच. मामाजी तिथं जाऊन जेवले. ऊन ऊन भात, वरण, भाजी, ताक, सगळं उत्तम. परत आले ते विचारात. "त्या घरात कोणाचं पोट दुखावं असं काहीच नाही," म्हणाले.

दुसऱ्यांदा यांना घेऊन गेले, जेवले, निघाले. गाडी अर्ध्या वाटेवर गेल्यावर लक्षात आलं की छत्री राहिली. परत फिरले. तोवर पुरुष लवंडले होते. छत्री मागायला मागच्या दारानं गेले तर सकू चुलीच्या राखेशेजारी उकिडवी बसून खरवडीचा गार भात गिळत होती. चावत नव्हती, गिळत होती. बाहेरून सासूची हाक आली की उठे, काम करून येई, पुन्हा दोन घास कोंबी. आदल्या रात्रीचं वरण वर साय धरलेलं.

मामाजी तसेच ओसरीवर आले आणि कवडू पटेलांना उठवलं. म्हणाले, "पटेल, सुनेचं औषध सापडलं. तुम्ही जेवाले बसता ना, तेव्हाच तिचं पान मांडा. गरम जेवू द्या, बसून जेवू द्या, मधात हाक मारू नका. हिंग-ताक मी देतो. पण हे नसेल तर माझं चूर्ण कोंबड्यांना टाका."

कवडू पटेल भला माणूस. रागावले नाहीत. टोपी नीट केली आणि विचारलं, "वैद्यजी, एक गोष्ट इचारू का?"

"विचारा."

"तुमच्या घरची सून कवा जेवते जी?"

यांनी मला हे सांगितलं तेव्हा मामाजींचा चेहरा कसा झाला तेही सांगितलं. डोळ्यांतली ती चमक विझली. आयुष्यभर घराघरांत पंगतीला बसून बारीक पाहणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात नंतर काय होतं ते ठाऊक नव्हतं. छत्री घेतली आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे पुरुषांची पानं वाढली. मामाजी पाटावर बसले, पण चित्राहुती घालून झाल्यावर हात मांडीवरच ठेवला.

"तूप राहिलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. तुमची पानं घ्या."

"आमची कायची पानं?"

"तुझं आणि सूनबाईचं. घ्या आणि बसा. मी थांबतो."

आत्याबाईंना वाटलं, थट्टा चालली आहे. मग त्यांच्या ध्यानात आलं की नाही. "बाया पुरुषांच्या आधी जेवल्या तर घरात बरकत राहत नाही," त्या म्हणाल्या.

"आधी नका जेवू. सोबत जेवा."

"आणि वाढाचं कोणी?"

"भांडी मधात ठेव. प्रत्येकाला हात आहे."

"लोक काय म्हणतील?"

मामाजींचा आवाज नेहमी खणखणीत, पण त्या दिवशी तो खाली आला. "लोक माझ्याकडे पोट घेऊन येतात, आणि मी त्यांना शहाणपण सांगतो. काल सांगताना जीभ अडली. इतकी वर्षं मी या घरात जेवलो आणि तू काय जेवतेस, कधी जेवतेस, मी पाहिलं नाही. बस आता."

वरणावरची वाफ विरत चालली होती. मी दाराशी पदर धरून उभी. शेवटी आत्याबाईंनी ताट घेतलं, भिंतीकडे तोंड करून, आमच्या सर्वांकडे पाठ करून बसल्या आणि रागानं पहिला घास घेतला. मग मी बसले. सासऱ्यासमोर तोंड कसं हलवावं ते मला समजेना.  पण गरम भाताची वाफ चेहऱ्यावर आली आणि मला एकदम माझी आई आठवली, तिच्या हातचं मी असंच गरम खात असे. डोळे भरून आले. मामाजींनी पाहिलं असावं, कारण ते मोठ्यानं यांना धानाच्या रोवणीबद्दल काहीतरी विचारू लागले आणि माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही.

आत्याबाई बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून जेवल्या. मग भिंतीला टेकून. मग एक दिवस आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "भाजी इकडे सरकवा." मामाजींनी भाजी सरकवली. मला दुपारी छातीत जळजळे, ते मी घरच्या वैद्याला लाजेनं कधी सांगितलं नव्हतं. नंतर सांगायची गरजच पडली नाही.

आमच्याकडची घडी बसल्यावर मगच मामाजी पुन्हा कवडू पटेलांकडे गेले. "माझी सून माझ्या सोबत जेवते. आता तुमचं बोला." पटेल खदखदून हसले, आणि आत हाक मारून म्हणाले, "सकूचं पान मांडा वं." सकूला पुरतं बरं वाटायला पुष्कळ दिवस लागले. ताक, हिंग, हलकं जेवण, सगळं चाललं. पुढं एकदा बाजाराच्या दिवशी ती आमच्याकडे आली तेव्हा मी आधी तिला ओळखलंच नाही. गाल भरले होते. "माई, सासूबी आता सोबतच जेवते," ती मला हळूच म्हणाली. "तिचंबी दुखे म्हनते. कोनाले सांगे नाही."

मामाजींचे गोडवे गाणारे लोक गावात होते, तसे टवाळी करणारेही होते. त्यांना एकदा मोठी संधी मिळाली. स्टेशनावरचा तारबाबू, छत्तीसगढाकडचा तरणा पोरगा, मामाजींचा रोगी होता. ड्यूटीमुळे अवेळी खाणं, त्यामुळे मलावरोध. मामाजींच्या हर्ऱ्याच्या, म्हणजे हिरड्याच्या, चूर्णावर त्याचा देवासारखा विश्वास. एका सकाळी त्याला हमालांनी खाटेवर उचलून आणलं. पाय पोटाशी घेतलेले, कपाळावर घाम. "बैदजी, बस एक पुड़िया दे दो," तो कण्हत होता. "हमेशा की तरह."

मामाजींनी त्याच्या पोटाला उजव्या बाजूनं खाली बोटं लावली. पोरगा ओरडला. त्यांनी हात काढून घेतला आणि लगेच उठले.

"नहीं बेटा. आज पुड़िया नहीं."

"एक जुलाब तरी द्या महाराज," हमाल म्हणाला. "पोट साफ झालं का होईल मोकळा."

"जुलाब दिला तर मारीन याला," मामाजी म्हणाले. "जुनं पोट माझं. हे पोट आज पेटलं आहे, हे शस्त्राचं काम." आणि अंगरखा चढवला.

गोंदियाची सवारी गाडी दुपारशिवाय नव्हती. मालगाडी उभी होती. मामाजींनी गार्डला गाठलं, विनवलं, मग दरडावलं, आणि तारबाबूला गार्डाच्या डब्यात घालून स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. इकडे गावात चर्चा सुरू झाली. वैद्य घाबरला, वैद्य डॉक्टरच्या पायाशी गेला. एकानं तर आमच्या ओसरीसमोर उभं राहून विचारलं, "आता पुड्या कोनाले विकान जी?" आत्याबाईंनी दार लावून घेतलं. देवापाशी बसल्या, पण जप करण्याऐवजी दर थोड्या वेळानं विचारत, "गाडी आली का?"

मामाजी दुसऱ्या दिवशी आले. डोळे तांबारलेले. गोंदियाच्या डॉक्टरनं पोट उघडलं होतं, आतडं फुटायच्या बेतात होतं, पोरगा जगला होता. महिन्याभरानं तो हडकलेला तारबाबू मिठाई घेऊन आला आणि मामाजींच्या पायावर पडला, तेव्हा ओसरीवर तीच टवाळ माणसं बसली होती.

"मैंने कुछ नहीं किया," मामाजी त्याला उठवत म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "मी फक्त हात आवरला. वैद्याला हात चालवणं सर्वे शिकवतात. आवरणं कोणी शिकवत नाही."

तुम्हाला कोणी शिकवलं, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते खलात सुंठ कुटत होते, त्यांनी हात थांबवला. मग म्हणाले की तरुणपणी त्यांनी एकदा हात आवरला नव्हता. एवढं सांगून त्यांनी खल पुन्हा पुढे ओढला.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास यांना नागपूरला नोकरी लागली आणि आम्ही सौंदड सोडलं. मामाजी थकले होते, पण चालत स्टेशनावर आले. आत्याबाईंनी लाडू, कुरोड्या, हिंगाष्टकाची बरणी, असं सामान चढवलं आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. मी त्यांच्या पाया पडले. मामाजींच्या पाया पडावं म्हणून वळले तर ते जागेवर नव्हते.

पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. झाडीपट्टीत पाणी इतकं झालं की आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्यासाठी मामाजी तिथंच राहिले, त्या फलाटावर.

नुकताच गाडीतून उतरलेला एक म्हातारा बाकड्याशी पोट धरून उभा होता, त्यानं घर विचारलं ते नेमकं मामाजींनाच. तेवढ्या वेळात त्यांनी त्याला बाकावर आडवं केलं होतं, सदरा वर सरकवला होता, आणि स्वतः गुडघे टेकून त्याच्या पोटाला कान लावून बसले होते. गार्डानं हिरवं निशाण दाखवलं. मी खिडकीतून हाक मारली, "मामाजी, येते." त्यांनी मान वर केली नाही. इंजिन फुसफुसत होतं. तेव्हा त्यांनी एक हात उचलला, तो आमच्याकडे नाही, इंजिनाकडे. तळवा पुढे करून. जरा गप्प बस, मला ऐकू दे.

ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं शिट्टीच्या दोरीवरचा हात काढून घेतला, आणि त्या दिवशी सौंदडहून गाडी शिट्टी न वाजवता निघाली.